शेकल्यानंतरचा अर्धा तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्राच्या घडीतून सध्या आठवड्याला दोन-तीन तरी पत्रके घरात येऊन पडतात. गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी मुळापासून बरी! कुठे दहा दिवसांचे स्पा पॅकेज, कुठे गरम दगडांचा पलंग, कुठे क्षारांच्या पाण्याचा टब. हे सगळे थोतांड आहे असे आम्ही सोलापुरातले फिजिओथेरपिस्ट म्हणणार नाही. उबेने दुखणे खरोखर हलके होते. आमची हरकत निराळी आहे. पंधरा-वीस मिनिटे शेकून अंग सैल झाले, की पुढचा अर्धा तास हालचालीसाठी फार सोयीचा असतो. नेमका तोच अर्धा तास माणूस रिक्षात बसून घरी जाण्यात घालवतो. दुसऱ्या दिवशी दुखणे जागच्या जागी, म्हणून पुन्हा पॅकेज. त्या अर्ध्या तासात काय करायचे, किती करायचे आणि कुठे चुकते, ते इथे लिहीत आहोत. पत्र लांबणार आहे. जागा कमी पडली तर जाहिरातींबद्दलची वाक्ये कापा, मापे आणि आकडे मात्र ठेवा.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट म्हणतात. इतक्या दिवसांत मूळ इजा बहुतेकदा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी झालेली असते. थोडा ताण पडला तरी ती मोठा बोभाटा करते. दुखते म्हणून माणूस हालचाल टाळतो, त्याने स्नायू बारीक होतात आणि बारीक स्नायूंमुळे सांध्यावर जास्त भार येतो. या चक्रात दोन शब्दप्रयोग फार नुकसान करतात. एक, ‘गुडघ्यातले वंगण संपले’. दुसरा, ‘मणक्यात गॅप पडली’. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण दाबावर चालते. भार पडला की तिच्यातला द्रव बाहेर जातो, भार सुटला की आत येतो. म्हणजे गुडघा वापरला तरच कूर्चेला खाऊपिऊ मिळते. मणक्याबद्दल सांगायचे तर, कंबर कधीच न दुखलेल्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये झीज दिसली. एमआरआयच्या कागदावर ‘झीज’ हा शब्द वाचून निम्मी माणसे खाली वाकणेच बंद करतात. तो शब्द केस पांढरे झाले इतकाच गंभीर असतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणे, मसाज यांसारख्या उपायांना त्यात जागा आहे. कंबरेचा पट्टा, वजने लावून कंबर ओढणे, अल्ट्रासाउंडचे यंत्र आणि टेन्स हे विजेचे झटके नेहमीच्या उपचारात देऊ नयेत, असे त्यात सांगितले आहे. आपल्या शहरात या चार गोष्टींवर किती पैसा जातो, ते कोणत्याही गल्लीतल्या चार घरांत विचारून पाहा. आमच्या व्यवसायातल्या अनेकांच्या खोल्यांतही ही यंत्रे आहेत, हेही इथेच कबूल केलेले बरे.

आता स्पाकडे वळू. फ्रान्समध्ये गरम झऱ्यांच्या गावी जाऊन अठरा दिवसांचा उपचार घेण्याची रीत आहे आणि तिथला सरकारी आरोग्यविमा त्याचा बराचसा खर्च उचलतो. एक्स-ले-बँ, बालारुक आणि दॅक्स या तीन ठिकाणी गुडघ्याच्या झिजेच्या ४६२ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना घरी करायचे व्यायाम दिले, निम्म्यांना तेच व्यायाम आणि वर अठरा दिवसांचा स्पा. सहा महिन्यांनी स्पाच्या गटातले सुमारे ५१ टक्के आणि नुसत्या व्यायामाच्या गटातले सुमारे ३६ टक्के लोक जाणवण्याइतके सुधारले होते. फरक आहे, मान्य. पण दोन्ही गटांना व्यायाम होता, हे जाहिरातीत कधी छापून येत नाही. शिवाय आपल्याला स्पा मिळतोय हे तो घेणाऱ्यांना ठाऊक होते, त्यामुळे मनाचा वाटा वेगळा काढता येत नाही. पाण्यातल्या क्षारांचे काय? खनिजयुक्त पाणी आणि तितकेच गरम साधे पाणी यांची तुलना हंगेरीत काही चाचण्यांत झाली. खनिजांना थोडे झुकते माप मिळाले, पण त्या चाचण्या लहान होत्या. क्षार त्वचेतून झिरपून सांध्यात मुरतात, हे सिद्ध झालेले नाही. तेव्हा टबमध्ये एप्सम मीठ टाकायचे तर खुशाल टाका, पण काम करते ती ऊब.

आपल्याकडेही गरम पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरी, रत्नागिरीकडची तुरळ, राजवाडी आणि उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातले उनपदेव, किनवटजवळचे उनकेश्वर. सोलापूरच्या आसपास त्यांपैकी एकही नाही. निसर्गोपचाराची जुनी जागा म्हणाल, तर आपल्याच पुणे रस्त्यावर उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला आश्रम आहे. जमत असेल त्याने अवश्य जावे. पण पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक पाहून कपडे भिजवणाऱ्या शहरात टबाची चैन सगळ्यांना परवडणार नाही. सुदैवाने तिची गरजही नाही.

घरचा शेक नीट जमला तर पुरतो, आणि त्यासाठी सोलापुरी टर्किश टॉवेलसारखे दुसरे साधन नाही. त्याच्या कापसाच्या फाशांत पाणी धरून राहते आणि ऊब टिकते. बादलीत आधी चार तांबे साधे पाणी घ्या, मग त्यात एक तांब्या उकळते ओता. साधे पाणी २५ अंशांचे असेल तर मिश्रण साधारण ४० अंशांवर येते. मे महिन्यात टाकीतलेच पाणी तापलेले असते, तेव्हा एक तांब्या उकळत्याला सात तांबे साधे घ्यावे लागते. क्रम उलटा करू नका. उकळते आधी ओतून ठेवले आणि साधे घालायचे राहिले, की पाय भाजलाच. हात-पाय बुडवायचे असतील तर हेच पाणी घ्या. टॉवेलचा शेक घ्यायचा असेल तर पाणी थोडे अधिक गरम लागते, कारण पिळताना ते निवते. एक टॉवेल चौपदरी करून भिजवा, घट्ट पिळा, दुसऱ्या कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि कंबरेवर किंवा गुडघ्यावर ठेवा. दर पाच मिनिटांनी बदला. एकूण पंधरा ते वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. पहिल्या पाच मिनिटांनंतर कातडी बघा. सारखी गुलाबी दिसली तर ठीक, लाल-पांढरे चट्टे उठले तर शेक जास्त झाला. रबरी पिशवी वापरत असाल तर ती दोन-तृतीयांश भरा, हवा काढून टाका, कपड्यात गुंडाळा. पिशवीवर झोपू नका. अंगाच्या वजनाने त्या जागेचा रक्तपुरवठा दाबला जातो, उष्णता वाहून जात नाही, आणि सकाळी फोड दिसतो.

मधुमेहींसाठी वेगळा नियम आहे. पायाची संवेदना कमी झाली असेल तर पायाने पाणी पारखू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी कोपराने पारखा. साठ अंशांच्या पाण्याने अवघ्या पाच सेकंदांत खोल भाजते आणि गीझरचे पाणी सहज तेवढे तापते. बादलीत हीटरची कांडी चालू ठेवून त्यातच हात घालणे म्हणजे तर विजेच्या धक्क्याला आमंत्रण. तव्यावर भाजलेले मीठ किंवा वाळू पुरचुंडीत बांधून शेकतात, त्यातही तापमान कळत नाही. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद धरून बघावी.

बोटांच्या सांध्यांना मेणाचा शेक फार मानवतो. सात भाग पॅराफिन मेण आणि एक भाग लिक्विड पॅराफिन (औषधांच्या दुकानातले खनिज तेल) एकत्र करून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे पातेले ठेवून वितळवा. थेट गॅसवर ठेवू नका, मेण पेट घेते. तापमापीवर ५२ ते ५४ अंश दिसले की हात स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडा करून, बोटे किंचित फाकवून बुडवा आणि लगेच काढा. थर पांढरा झाला की पुन्हा बुडवा. असे सहा ते दहा थर झाले की प्लास्टिकची पिशवी आणि वरून टॉवेल गुंडाळून वीस मिनिटे बसा. हात ओला राहिला तर अडकलेले पाणी चटका देते. अंगठी आधी काढा. मेण उतरवल्यावर त्याचाच गोळा करून पाच मिनिटे मळा, व्यायाम आयताच होतो.

जानुबस्ती-कटिबस्तीबद्दलही विचारणा होते. या आयुर्वेदिक उपचारांत गुडघ्यावर किंवा कंबरेवर उडदाच्या पिठाची पाळ करून त्यात कोमट तेल अर्धा तास ठेवतात. आराम पडतो, त्यात दुमत नाही. त्याच दिवशी त्यावर व्यायामाची जोड द्या, इतकेच आमचे म्हणणे.

आता तो अर्धा तास. गुडघ्यापासून सुरू करू, कारण तिथेच सर्वांत जास्त गोंधळ आहे. पलंगावर पाय लांब करून बसा. टॉवेलची चार बोटे जाडीची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा झाला पाहिजे. पाच सेकंद धरा, सोडा, असे दहा वेळा. श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब चढतो. हा नुसता श्रीगणेशा आहे. कित्येक माणसे वर्षानुवर्षे एवढेच करतात आणि ‘व्यायामाने फरक पडत नाही’ म्हणतात. दुसऱ्या आठवड्यापासून खुर्चीवरून उठणे-बसणे सुरू करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठकीवर सोलापुरी चादरीच्या तीन-चार घड्या ठेवून उंची वाढवा. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, धड पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर आले की उठा. उठायला दोन सेकंद, बसायला तीन. शेवटची चार बोटे धपकन खाली पडू नका, सगळी ताकद तिथेच मिळते. आठ ते बारा वेळा, मध्ये दोन मिनिटे थांबून दोन किंवा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. सलग दोन वेळा बारा आवर्तने सहज झाली की चादरीची एक घडी काढा. घड्या संपल्या की दोन लिटरची पाण्याची बाटली छातीशी धरा. गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर दोन्ही मांड्यांभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे घालून ते बाहेर ढकलत उठा.

त्यानंतर पायरी. आधी दहा सेंटिमीटर उंचीची, पण पक्की लाकडी फळी हवी, वह्यांची चवड सरकते. मग पंधरा, मग घराची नेहमीची पायरी. खालच्या पायाने उडी मारून वर गेलात तर व्यायाम फुकट. वरच्या पायावर भार टाकून सावकाश चढा आणि त्याहून सावकाश उतरा. बाजूला भिंत किंवा कठडा हवाच. एका कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे आणि भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, हे दोन व्यायाम सोबत ठेवा. जुन्या पँटचा पाय कापून त्यात किलोभर वाळू भरून शिवली की घोट्याला बांधायचे वजन तयार. वजनाचा विषय निघालाच आहे तर, अंगाचे एक किलो कमी झाले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. पाच किलो उतरवणाऱ्याला दर पावलाला वीस किलोंची सूट मिळते, आणि तीही फुकट.

‘मांडी घालू नका, खाली बसू नका’ हा सल्ला सरसकट द्यावा, असे आम्हाला वाटत नाही. गुडघा सुजला असेल त्या दिवसांत पाट किंवा खुर्ची घ्या. एरवी जे कायमचे बंद केले, ते पुढे कायमचे जमेनासे होते. पंगतीला बसता आले पाहिजे, असे ज्याला वाटते त्याने उंच पाटापासून हळूहळू खाली यावे.

व्यायाम करताना दुखले तर थांबायचे का? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे माप धरा. पाचपर्यंत दुखले तरी चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आले पाहिजे. आले नाही तर आवर्तने एक-तृतीयांश कमी करा, बंद करू नका. मांडीचा मांसल भाग दोन दिवस ठणकला तर चांगले लक्षण आहे. सांधा सुजला तर नाही. आणि घाई नको. जोर आल्याचे सहा-आठ आठवड्यांनी जाणवते, पूर्ण फायद्याला तीन महिने लागतात. दुखणे थांबले म्हणून व्यायाम सोडला की कमावलेली ताकद काही महिन्यांत जाते. सर्वांत मोठी गळती इथेच होते.

कंबरेला एकच असा रामबाण व्यायाम नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्र आढावे घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात जुनाट कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या २४९ चाचण्या होत्या, व्यायामाने फायदा होतो हेच त्यातून पुढे आले. म्हणून जो आवडेल, जो टिकेल, तो करा. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून नितंब उचलणे आणि पाच सेकंद धरणे, असे दहा वेळा. हात आणि गुडघे टेकून ओणवे होऊन एक हात पुढे, उलट बाजूचा पाय मागे. आणि चालणे. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सुटलेल्या ७०१ जणांवर केलेली चाचणी २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. चालण्याचा कार्यक्रम आणि थोडे मार्गदर्शन मिळालेल्यांत निम्म्या लोकांचे दुखणे उलटायला २०८ दिवस लागले, न मिळालेल्यांत ११२. कार्यक्रम साधाच होता. थोड्यापासून सुरुवात करून सहा महिन्यांत आठवड्याला पाच वेळा अर्धा तास इथवर यायचे. वारीची ज्यांना सवय आहे त्यांना हे सांगायला नकोच, फक्त वारीआधी महिनाभर सराव न करता एकदम वीस किलोमीटर चालून टाचा धरणारेही आपल्याच जिल्ह्यात असतात.

काम आणि दुखणे यांचे नाते आपल्या शहरात उघड दिसते. विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन सात-आठ तास मान खाली घालून बसतात. सुपाखाली दोन उशा ठेवल्या की ते वर येते आणि मान तेवढी कमी वाकते. पाठ भिंतीला टेकवून बसा, दर अर्ध्या तासाने मांडी मोडून एक मिनिट उभ्या राहा. त्या मिनिटात हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरणे, दहा वेळा. हनुवटी वर उचलायची नाही, डोके कपाटाच्या खणासारखे मागे सरकवायचे. पाने कापून, कात्री चालवून कोपराची बाहेरची बाजू दुखत असेल तर हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली आणि मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि तीन-चार सेकंद घेत खाली सोडा. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, आठ ते बारा आठवडे. इथे शेकापेक्षा या ‘सोडण्याने’ काम होते.

यंत्रमागावर उलटी तऱ्हा. फरशीवर दिवसभर उभे राहणे, तार तुटली की वाकून सांधणे, कांडी बदलणे. मागापाशी दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि एकेक पाय आलटून पालटून त्यावर ठेवा, कंबरेचा बाक सैल राहतो. पायाखाली रबरी चटई हवी, पण तिच्या कडा उतरत्या असाव्यात, नाहीतर ठेच लागते. मालकांना हा खर्च फार नाही.

पाण्यातला व्यायाम हा ज्यांना जमिनीवर पाऊल टाकवत नाही, त्यांच्यासाठी. कंबरभर पाण्यात शरीराचे वजन निम्म्यावर येते, छातीभर पाण्यात सुमारे तिसऱ्या हिश्शावर, गळ्यापर्यंत दहाव्या. साठ किलोची बाई छातीभर पाण्यात उभी राहिली की तिच्या गुडघ्यांना ती वीस किलोंची वाटते. पोहता यायची गरज नाही. पाच मिनिटे पुढे चालणे, पाच मिनिटे मागे आणि आडवे, कठडा धरून पाय पुढे-मागे आणि बाजूला पंधरा-पंधरा वेळा, अर्ध्या बैठका पंधरा, हात पाण्याखाली ढकलणे. तीस ते चाळीस मिनिटे, आठवड्यातून दोन-तीनदा, निदान सहा आठवडे. वजने लागत नाहीत. पाण्यात वेग दुप्पट केला की विरोध जवळपास चौपट होतो, म्हणून जोर वाढवायचा तर तेच जलद करा. मात्र उथळ पाण्यात नुसते गप्पा मारत उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. यासाठी पाणी ३३ ते ३५ अंशांचे लागते. आपल्या उघड्या तलावांचे पाणी एप्रिल-मेमध्ये ऊन खाऊन कोमट होते, थंडीत तेच पाणी अंग आखडवते. त्यामुळे सोलापुरात याचा हंगाम उन्हाळा आणि वेळ सकाळी लवकरची. बाहेर येताना घाई नको. पाण्याच्या दाबाने वर सरकलेले रक्त एकदम पायांत उतरते आणि चक्कर येते. पायरीवर दोन मिनिटे थांबा आणि पाणी प्या. मधुमेहींनी रबरी बूट घालूनच उतरावे, खरबरीत फरशीने खरचटलेले त्यांना कळत नाही. उघडी जखम, लघवीचा संसर्ग, ताप, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदय कमकुवत असणे, फिट्स यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात जाऊ नका.

बागांतल्या ओपन जिमबद्दल एक वाक्य. तिथल्या यंत्रांचा भार वाढवता-घटवता येत नाही, आणि कंबर गरागरा फिरवायच्या चकतीवर झोके घेऊन कंबरदुखी जात नाही.

शेक, मसाज, व्यायाम यांपैकी काहीही करण्याआधी जिथे थांबायचे, त्या खुणा अशा. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप. रात्री झोपेतून उठवणारे, पडून राहिल्यावरही न थांबणारे दुखणे. वजन घटत जाणे, संध्याकाळचा बारीक ताप. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही. पाय लुळा पडणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यात तर तासाचाही उशीर नको. सकाळी बोटे तासभर आखडलेली राहत असतील तर तो आमवात असू शकतो, त्याची औषधे वेगळी आहेत आणि ती लवकर सुरू करावी लागतात. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली तर ती चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

व्यायाम करून घेणारा माणूस कोण, तेही बघा. फिजिओथेरपीची पदवी चार वर्षांहून जास्त काळाची असते, त्यात प्रत्यक्ष अनुभवाचा काळ धरून. राज्य परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही. आणि पहिल्याच भेटीत वीस दिवसांच्या शेकाचे पैसे मागितले पण व्यायामाचा कागद दिला नाही, तर दुसरीकडे जा.

महापालिकेकडे एक मागणी आहे. मार्च ते जून, सकाळचा एक तास जलतरण तलावाची उथळ बाजू सांधेदुखीच्या नागरिकांसाठी राखावी, त्यातले दोन दिवस फक्त महिलांसाठी. ओले लुगडे पायात गुंतते, म्हणून अंगभर सुटसुटीत पोशाखाला परवानगी द्यावी. एका वेळी दहा-बारा जण, एक जीवरक्षक, एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट. उतरायला उभ्या लोखंडी शिडीऐवजी दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या रुंद पायऱ्या आणि काठावर न घसरणारी चटई. शिकवायला आम्ही विनामूल्य येऊ. शिडी बदलायचे काम मात्र तलाव रिकामा असतानाच करावे लागते, तेव्हा ते या थंडीतच हाती घ्यावे.

आपले,
सोलापुरातील काही फिजिओथेरपिस्ट